सील मेला कधी, किनाऱ्याला लागला कधी?

गोदावरीत बुडालेल्यांना बाहेर काढणाऱ्या जीवरक्षकांचा एक हिशेब असतो. वैशाखात बुडालेलं माणूस दुसऱ्या दिवशी वर येतं, पौषात बुडालेलं चार-पाच दिवस तळ सोडत नाही. "पाणी गार असलं की पोट फुगत नाही," असं त्यांच्यातल्या एकाने मला रामकुंडाजवळ उभ्या उभ्या सांगितलं होतं. ऐकताना अंगावर काटा आला, पण वाक्य डोक्यात राहिलं.

ते आठवलं यंदा फाल्गुनात. भाच्याने मोबाइल पुढे धरला. कुठल्याशा थंड देशाचा किनारा, वाळूवर ओळीने पडलेले मेलेले सील, आणि दरवर्षी वसंतातच हे का होतं असा खाली प्रश्न. भाच्याचा निकाल तयार होता. "प्रदूषण, मामा. दुसरं काय असणार?"

नाशिकपासून समुद्र लांब, आणि कोकणच्या किनाऱ्यावर गेलं तरी सील दिसायचा नाही. आपल्या समुद्रात तो राहतच नाही. तरीही या विषयात मी महिनाभर अडकलो, त्याला कारण आमच्या कॉलनीतले निवृत्त पशुवैद्य. त्यांना व्हिडिओ दाखवला तर त्यांनी आधी एवढंच विचारलं, "मेला कधी आणि सापडला कधी? या दोन तारखा एक नसतात."

इथे जीवरक्षकाचा हिशेब कामाला येतो. मेलेल्या प्राण्याच्या आतड्यातले जिवाणू सडण्याचं काम सुरू करतात, त्यातून वायू तयार होतो आणि शव फुगून वर येतं. पाणी बर्फासारखं गार असेल तर हे काम जवळपास थांबतं. चरबी भरपूर असलेला सील मेल्यावर तरंगू शकतो, पण उपासमारीने किंवा आजाराने रोडावलेला तळाला जातो. हिवाळ्यात मेलेली अशी शवं तळाशीच राहतात. पाणी जरा कोमट झालं, वरचा बर्फ फुटला, वारा किनाऱ्याकडे वळला की ती बाहेर येतात. मरणं महिनाभरात विखुरलेली असली तरी सापडणं एका आठवड्यात गोळा होतं. त्यात वसंतात लोकही किनाऱ्यावर फिरायला लागतात. जानेवारीत वाळूवर पडलेलं मढं बघायला असतं कोण?

पण सगळा दोष तारखांच्या घोळाला देता येत नाही. काही सील खरोखरच वसंतात मरतात.

उत्तर अटलांटिकमधल्या हार्प सीलची मादी फेब्रुवारीअखेर ते मार्चमध्ये तरंगत्या बर्फावर विते. पिल्लाला ती फक्त बारा दिवस पाजते. दूध इतकं दाट की जवळजवळ निम्मी चरबीच, आणि पिल्लू रोज दोन किलोच्या वर वजन धरतं. मग एके दिवशी आई निघून जाते, ती परत येत नाही. पिल्लाला ना पोहता येत ना शिकार करता येते. पुढचे सहाएक आठवडे ते अंगावरच्या चरबीवर काढतं. बर्फ लवकर वितळला तर पाण्यात पडून मरतं. 2010 मध्ये कॅनडातल्या सेंट लॉरेन्सच्या आखातात बर्फ जवळजवळ धरलाच नव्हता, तेव्हा पिल्लांचे फार हाल झाले. पण बर्फ चांगला असलेल्या वर्षीही पहिल्या उन्हाळ्याआधी बरीच पिल्लं मरतात. म्हणजे वसंतातलं एखाद-दुसरं मेलेलं पिल्लू ही बातमी नव्हे. बातमी होते ती मोठे, खाल्ले-प्यालेले सील ओळीने लागायला लागले की.

तसं एप्रिल 1988 मध्ये झालं. डेन्मार्क आणि स्वीडनच्या मधल्या समुद्रात आनहोल्ट नावाचं छोटं बेट आहे. तिथे आधी हार्बर सीलची अपुऱ्या दिवसांची मेलेली पिल्लं दिसली, मग मोठे सील मरू लागले. नाकातून स्राव, खोकला, धाप. काहींच्या फुप्फुसातून हवा फुटून मानेच्या कातडीखाली साठली होती, त्यामुळे त्यांना बुडीच मारता येईना. ज्या प्राण्याचं पोट बुडी मारण्यावर चालतं तो फुगलेल्या रबरी नळीसारखा पाण्यावर तरंगत राहिला. उन्हाळाभर साथ जर्मनी, हॉलंड करत ब्रिटनपर्यंत गेली. युरोपातले सुमारे 18,000 सील मेले. काही भागांत तर हार्बर सीलचे निम्म्याहून अधिक.

तेव्हा तिकडेही पहिला निकाल माझ्या भाच्याचाच होता. उत्तर समुद्रात कारखान्यांचं पाणी जात होतं, हे खरंच होतं. पण डच विषाणुतज्ज्ञ ॲल्बर्ट ऑस्टरहाउस यांच्या तपासात सापडला एक विषाणू, कुत्र्यांना होणाऱ्या डिस्टेंपर या जीवघेण्या रोगाच्या विषाणूचा अगदी जवळचा नातलग. प्रदूषणाने प्रतिकारशक्ती खचली असेल का, यावर पुढे बराच अभ्यास झाला. पण मारणारा हात विषाणूचा होता.

हे सांगितल्यावर डॉक्टर खुर्चीत पुढे सरकले. "अहो, हा तर बुळकांडीचा भाऊ!" नोकरीच्या सुरुवातीला सिन्नर तालुक्यात त्यांनी गुरांना बुळकांडीच्या लसी टोचत गावं पालथी घातली होती. ज्यांच्या आजोबांच्या दावणी या रोगाने एका हंगामात रिकाम्या झाल्या, त्यांना हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. तोंडात फोड, ताप, पाण्यासारखी हगवण, आणि आठवड्या-दीड आठवड्यात जनावर आडवं. 2011 मध्ये बुळकांडी जगातून संपल्याचं जाहीर झालं. देवीनंतर असा संपलेला हा दुसराच रोग. बुळकांडी, माणसाचा गोवर, कुत्र्याचा डिस्टेंपर आणि सीलचा डिस्टेंपर हे सगळे एकाच कुळातले विषाणू. गोवर तर बुळकांडीच्या पूर्वजापासूनच निघाला असं मानलं जातं. सिन्नरच्या बैलाचा आणि आनहोल्टच्या सीलचा असा हा लांबचा सोयरसंबंध.

या नात्यामुळे आणखी एक कोडं सुटतं. 1988 नंतर साथ विझली, आणि 2002 च्या मे महिन्यात पुन्हा त्याच आनहोल्टवर उगवली. या खेपेला अंदाजे 30,000 सील गेले. मधली चौदा वर्षं विषाणू कुठे होता?

गोवराचं उदाहरण घ्या. एकदा होऊन गेला की तो माणूस त्या विषाणूला कायमचा बंद. त्यामुळे लहान बेटावर गोवर टिकत नाही. सगळ्यांना होऊन जातो आणि पुढचं घर न सापडल्याने मरतो. सतत तेवत राहायला त्याला काही लाख वस्तीचं शहर लागतं. युरोपातल्या हार्बर सीलची वस्ती तेवढी नाही. म्हणजे विषाणू बाहेरून येत असणार, आणि संशय आहे तो आर्क्टिककडच्या हार्प सीलवर. त्यांची संख्या प्रचंड आणि ते स्वतः फारसे आजारी पडत नाहीत. 1988 च्या आधीच्या वर्षी ते नेहमीपेक्षा खूप दक्षिणेला, नॉर्वेच्या किनाऱ्यापर्यंत आले होते. आणि चौदा वर्षांत हार्बर सीलच्या नव्या पिढ्या जन्मल्या होत्या, ज्यांनी हा रोग कधी पाहिलाच नव्हता. वाळलेलं गवत पुन्हा साठलं होतं.

खुद्द कुत्र्यांचा विषाणूही सीलपर्यंत पोचलेला आहे. 2000 च्या वसंतात कॅस्पियन समुद्रात तोच निघाला. एकट्या कझाकस्तानच्या किनाऱ्यावर 10,000 हून अधिक सील मेले. आणि फार लांब कशाला जायचं? सप्टेंबर 2018 मध्ये गीरच्या जंगलात वीसहून अधिक सिंह काही दिवसांत मेले, आणि पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत गेलेल्या नमुन्यांत डिस्टेंपरच सापडला.

वसंताचा आणखी एक मारेकरी सूक्ष्म आहे. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याला वसंतात वाऱ्यामुळे खोलवरचं, क्षारांनी भरलेलं पाणी वर येतं आणि शेवाळ फोफावतं. त्यातली एक जात डोमोइक आम्ल नावाचं विष बनवते. आपल्या मांदेलीच्या नात्यातले अँचोव्ही मासे ते शेवाळ गिळतात, त्यांना काही होत नाही. ते मासे खाणाऱ्या सी लायनना मात्र झटके येतात, कारण हे विष मेंदूतल्या स्मरणाच्या भागावर घाव घालतं. 1998 च्या मे-जूनमध्ये तिथे 400 हून अधिक सी लायन मेले. सी लायन हा सीलचा चुलतभाऊ, बाहेरून कान दिसतो तो.

आणि आता बर्ड फ्लू. हा शब्द आपल्याकडे पहिल्यांदा घराघरात गेला तो फेब्रुवारी 2006 मध्ये, नंदुरबारच्या नवापूरमुळे. तेव्हा नाशिकच्या बाजारात कोंबडी कुणी घेईना. बर्ड फ्लूच्या त्याच एच5एन1 विषाणूच्या कुळाचा नवा अवतार 2022 अखेर दक्षिण अमेरिकेत पोचला. इकडे निफाड-दिंडोरीत द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी चालते तेव्हा तिकडे वसंत असतो. 2023 च्या त्या वसंतात अर्जेंटिनाच्या वाल्देस द्वीपकल्पावर हत्ती-सीलची सुमारे 17,000 पिल्लं मेली. त्या वर्षी जन्मलेल्या शंभरातली सत्त्याण्णव. ती अंगावर पिणारी पिल्लं होती. त्यांनी मेलेला पक्षी खाल्ला असण्याचा प्रश्नच नव्हता. म्हणून विषाणू सीलकडून सीलकडे जात असावा असा तज्ज्ञांचा दाट संशय आहे. डिसेंबर 2024 मध्ये नागपूरच्या गोरेवाड्यात तीन वाघ आणि एक बिबट्या मेले, तेही एच5एन1 नेच.

भाच्याला मी हे सगळं सांगितलं. त्याने शांतपणे विचारलं, "मग व्हिडिओतले कशाने मेले?" डॉक्टरांनी हात वर केले. शव उघडून फुप्फुस, मेंदू आणि पोट पाहिल्याशिवाय आणि नमुना प्रयोगशाळेत गेल्याशिवाय ते कधी बोलत नाहीत.

त्यानंतर आठवड्याभराने आमच्या गल्लीत एक भटकं पिल्लू दिसलं. डोळे चिकटलेले, नाक वाहतंय, आणि तोंडात काही नसताना जबडा सारखा चघळल्यासारखा हलतोय. डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी हातमोजे चढवले, पिल्लाचा पंजा उलटा केला आणि तळव्याची गादी बोटाने दाबून पाहिली. ती वाळक्या चामड्यासारखी टणक झाली होती. जबडा हलायला लागल्यावर फार काही करता येत नाही, असं ते म्हणाले. मग मोजे काढून नळाखाली कोपरापर्यंत हात धुता धुताच विचारलं, "याची बाकीची भावंडं कुठे आहेत?"