धुतलेली बाटली आणि पाण्याचा अहवाल

'घरची कोणतीही स्वच्छ धुतलेली बाटली नळाखाली भरून दिली की पाण्यातले जंतू कळतात,' हा समज नागपुरातही वर्षानुवर्षे फिरतो आहे. तो स्वाभाविक असला तरी बरोबर नाही. धुतल्याने बाटली निर्जंतुक होत नाही. शिवाय नळाच्या पाण्यातील क्लोरीन वाटेतही जंतू मारत राहतो, म्हणून प्रयोगशाळेच्या बाटलीत क्लोरीन निष्प्रभ करणारे सोडियम थायोसल्फेट आधीच घातलेले असते आणि ती विसळायची नसते (सवयीने हात तिकडेच जातो). मे महिन्याच्या उन्हात डिकीत राहिलेल्या नमुन्यातील जंतूंची संख्या बदलते. तो बर्फात ठेवून २४ तासांच्या आत पोहोचवावा. अहवालाची खात्री करायची असल्यास, त्याच दिवशी निर्जंतुक पाण्याची कोरी चाचणी लावली होती का, हे विचारावे. तिच्या थाळीवरही (जंतू वाढवून मोजायच्या बशीवर) जंतूंच्या वसाहती, म्हणजे ठिपक्यांसारखे समूह, उगवल्या असतील, तर तो निकाल ग्राह्य न धरता नमुना पुन्हा घ्यावा लागतो.