युद्धग्रस्त मुलांसाठी सुटीतील शिबिरे

युद्धाची झळ बसलेल्या मुलांना काही काळ लढाईच्या टापूपासून दूर नेऊन खेळ, सोबत आणि नियमित दिनक्रम यांच्या आधारे सावरू देणारी निवासी शिबिरे. मुक्काम बहुधा दोन-तीन आठवड्यांचा असतो.

या कल्पनेची मुळे विसाव्या शतकातील निर्वासित बालकांच्या छावण्यांत सापडतात. स्पॅनिश यादवी युद्धात, मे १९३७ मध्ये, उत्तर स्पेनच्या बास्क प्रदेशातील सुमारे ४,००० मुले ‘हबाना’ जहाजाने इंग्लंडला पोचली. साउदॅम्प्टनजवळ नॉर्थ स्टोनहॅम येथे त्यांना तंबूंत ठेवण्यात आले. डोक्यावरून विमान गेले, की ती घाबरून जात. जूनमध्ये बास्क प्रदेशातील बिल्बाओ शहर शत्रूच्या हाती पडल्याची बातमी ध्वनिक्षेपकावरून सांगितली गेली आणि छावणीत एकच आकांत उडाला. काही मुले तर बाहेर पळत सुटली. बातमी लपवणे शक्य नव्हते, पण ती देण्याची ही रीत नव्हे. १९४५ मध्ये नाझी छळछावण्यांतून वाचलेली सुमारे ३०० मुले इंग्लंडमधील विंडरमिअर सरोवराकाठी आणली गेली. पुन्हा मिळेल याचा भरवसा नसल्याने ती जेवणातला पाव उचलून लपवून ठेवत. तेथे चित्रकार मारी पानेथ यांनी मुलांना चित्रे काढायला दिली. हा मार्ग आजच्या शिबिरांतही रुळला आहे.

आघाताची लक्षणे वयानुसार बदलतात. लहान मुले अंथरूण ओले करतात, आईला चिकटून बसतात, लढाईचाच खेळ पुनःपुन्हा खेळतात. मोठी मुले गप्प होतात किंवा चटकन चिडतात. शिबिर यावर उपचार करते असे म्हणणे धाडसाचे होईल. त्याचे खरे बळ साध्या वेळापत्रकात असते: न्याहारी, पोहणे, झोप ठरल्या वेळी होते आणि पुढे काय घडणार हे मुलाला आधी कळते. फटाके, भोंगे, अचानक दिवे घालवणे टाळतात. अनुभव सांगण्याची सक्ती करत नाहीत. एकाच बैठकीत सगळे बोलून घेण्याच्या पद्धतीची शिफारस जागतिक आरोग्य संघटनाही करत नाही. गंभीर लक्षणे दिसल्यास मुलाला तज्ज्ञाकडे पाठवावे लागते.

बालमनोविश्लेषक ॲना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम यांना दुसऱ्या महायुद्धातील लंडनच्या बालगृहांत आढळले, की अनेक लहानग्यांना बाँबहल्ल्यापेक्षा आईची ताटातूट अधिक जाचते. म्हणून भावंडांना एकत्र ठेवणे आणि शक्य तेथे आईलाही सोबत नेणे इष्ट मानले जाते. परतल्यावर पाठपुरावा नसेल, तर सुधारणा टिकणे कठीण. खर्च मात्र बहुतेक मुक्कामावरच होतो.

शिबिराच्या नावाखाली गैरवापरही झाला आहे. येल विद्यापीठाच्या संशोधकांनी फेब्रुवारी २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार किमान ६,००० युक्रेनी मुलांना रशिया आणि रशियाव्याप्त क्रिमियातील केंद्रांत ठेवले गेले होते. त्यांतील अनेक केंद्रे सुटी शिबिरे म्हणून चालत, काही मुलांचे परतणे लांबवले गेले आणि अनेक ठिकाणी रशियाधार्जिणे शिक्षण दिले जाई. त्यामुळे पालकांची संमती घेताना परतीची तारीख, मूल कोणाच्या ताब्यात राहील आणि घरी फोन करण्याची सोय या तीन गोष्टी आधीच लेखी ठरवणे अत्यावश्यक ठरते.