महासाथ आणि सांख्यिकीतज्ज्ञ

महासाथीत रुग्ण, मृत्यू, चाचण्या व लसीकरण यांच्या नोंदींवरून साथीचा वेग, तिची घातकता आणि उपायांचा गुण ठरविण्याचे काम सांख्यिकीतज्ज्ञ करतात. त्यांचा खरा कस भाजक, म्हणजे रुग्णांच्या वा मृत्यूंच्या संख्येला ज्या संख्येने भागायचे ती, ठरविताना लागतो. सोलापूरसारख्या शहरात तर तो पदोपदी लागतो.

सोलापूरच्या शासकीय रुग्णालयात शहराबरोबरच अक्कलकोट, मोहोळ अशा तालुक्यांतून, शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातून आणि सीमेपलीकडच्या कर्नाटकातूनही रुग्ण येतात. तुळजापूरचा रुग्ण येथे दगावला, तर मृत्यू सोलापुरात नोंदला जातो, पण ज्या लोकसंख्येतून तो आला ती धाराशिवची असते. राहत्या पत्त्यानुसार नोंदी वेगळ्या न करता शहराचा मृत्युदर काढल्यास अंश (मृत्यूंची संख्या) फुगतो आणि भाजक (शहराची लोकसंख्या) होता तेवढाच राहतो. आषाढीच्या दिवसांत पंढरपूरची जनगणनेतील लोकसंख्या भाजक म्हणून अशीच निरुपयोगी ठरते.

बाधितांची मोजणी याहून निसरडी आहे. सोलापूरच्या तेलुगूभाषक वस्तीच्या पूर्व भागातील यंत्रमाग कामगार किंवा घरी विड्या वळणारी स्त्री साधा ताप आल्यावर चाचणीला गेली, तर तिचा रोज बुडतो. त्यामुळे सौम्य आजार बहुधा नोंदीबाहेरच राहतात. समजा, 100 बाधितांपैकी 20 जणांचीच चाचणी झाली आणि नोंदलेल्यांपैकी 2 दगावले, बाकी सारे बरे झाले, तर कागदावर 10 टक्के दिसणारी घातकता प्रत्यक्षात 2 टक्के असते. यावर उपाय म्हणजे यादृच्छिक (चिठ्ठ्या टाकून काढल्यासारखा) नमुना निवडून केलेली प्रतिपिंडांची, म्हणजे संसर्गानंतर किंवा लसीनंतर रक्तात तयार होणाऱ्या संरक्षक प्रथिनांची, पाहणी. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या जून-जुलै 2021 मधील चौथ्या राष्ट्रीय कोविड पाहणीत 67.6 टक्के लोकांत प्रतिपिंडे आढळली. नोंदलेले रुग्ण त्या मानाने अगदीच थोडे होते. पूर्व भागात अशी पाहणी करायची, तर तेलुगू बोलणारा गणक हवा, नाहीतर बंद दारांची संख्याच वाढते.

साथीच्या चढउताराचे गणित करमॅक व मॅकेंड्रिक या स्कॉटिश संशोधकांनी 1927 मध्ये मांडले आणि ते 1905-06 च्या मुंबईतील प्लेगच्या मृत्यूंशी ताडून पाहिले. अलीकडचे आकडे वाचताना मात्र नोंदणीतील विलंब धरावा लागतो. मृत्यू नोंदविण्यास कायद्याने 21 दिवसांची मुदत असल्याने शेवटच्या दोन-तीन आठवड्यांचा आलेख साथ ओसरल्यासारखा खाली वळतो. तो मागील विलंबांच्या प्रमाणात वर उचलून मगच वाचतात.

नोंदच न झालेल्या मृत्यूंसाठी नेहमीच्या वर्षांतील अपेक्षित मृत्यूंशी तुलना करून अतिरिक्त मृत्यू काढले जातात. 2020-21 या दोन वर्षांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने भारतात असे सुमारे 47 लाख मृत्यू अंदाजिले; अधिकृत कोविडमृत्यू 4.81 लाख होते, आणि केंद्र सरकारने संघटनेच्या पद्धतीवर हरकत घेतली.