मेगावॅट हलले की दोष एव्हीआरचा?

भुसावळ-दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्राजवळच्या टपरीवरही ऐकू येतं, जनरेटरचे मेगावॅट नाचले म्हणजे एव्हीआर (ऑटोमॅटिक व्होल्टेज रेग्युलेटर) गेला. बहुतेक वेळा तसं नसतं. एव्हीआर व्होल्टेज आणि मेगाव्हार (रिअॅक्टिव्ह पॉवर, म्हणजे प्रत्यक्ष काम न करणारी पण व्होल्टेजला लागणारी पॉवर) सांभाळतो. मेगावॅट ठरतात टर्बाइनमध्ये शिरणाऱ्या वाफेवर. म्हणून आधी ही वाफ कमी-जास्त करणारा गव्हर्नर व्हॉल्व्ह बघा. व्हॉल्व्ह हलवणाऱ्या कंट्रोल ऑइलमध्ये कचरा असला की व्हॉल्व्ह अडकतो, मग एकदम उडी मारतो. एलव्हीडीटीचा, म्हणजे व्हॉल्व्ह किती उघडलाय ते सांगणाऱ्या सेन्सरचा, सैल नटही हेच करतो (आणि सापडतो सगळ्यात शेवटी!). व्हॉल्व्हची पोझिशन, वाफेचा दाब आणि ग्रिडची फ्रिक्वेन्सी एकाच ट्रेंडवर (वेळेनुसारच्या आलेखावर) लावा. व्हॉल्व्ह मॅन्युअलला धरल्यावर हेलकावे थांबले, तर दोष गव्हर्नरच्या लूपमध्ये. थांबले नाहीत आणि दाबही वरखाली होतोय? मग बॉयलरकडे चला. सेकंदाला एखादा झोका असेल, तर मात्र एव्हीआर आणि पॉवर सिस्टिम स्टॅबिलायझर (असे झोके एव्हीआरमार्फत शमवणारं यंत्र) तपासायला हरकत नाही.