अदिश आणि सदिश: एकाच गुणाकारातून निघालेली जोडी

पुण्यातले बाजीराव रस्ता आणि शिवाजी रस्ता दोन्ही एकेरी, एकमेकांच्या उलट दिशेचे. दोन्हींवरून एकेक स्कूटर ताशी ३० किलोमीटरने निघाली, तर त्यांची चाल सारखी, वेग मात्र वेगळा. अकरावीच्या मुलांना एवढ्यावरून चाल अदिश (नुसतं परिमाण) आणि वेग सदिश (परिमाण आणि दिशाही) हे चटकन पटतं. मात्र ही विभागणी भौतिकशास्त्राइतकी जुनी आहे असा समज त्यांच्या मनात राहून जातो, आणि मला तो दूर व्हावासा वाटतो.

बलांची बेरीज समांतरभुज चौकोनाने करायची, हे न्यूटनने १६८७ मध्ये ‘प्रिन्सिपिया’त मांडलं होतं. पण सदिश असा राशींचा वेगळा वर्ग त्याच्यापाशी नव्हता. तो आला आयर्लंडच्या विल्यम हॅमिल्टन या गणितज्ञाकडून. तीन मितींसाठी गुणाकार करता येईल अशा संख्या तो वर्षानुवर्षं शोधत होता. १६ ऑक्टोबर १८४३ रोजी डब्लिनमध्ये कालव्याकाठी पत्नीबरोबर चालताना त्याला उमगलं की घटक तीन नव्हे, चार हवेत. तिथल्या पुलाच्या दगडावरच त्याने सूत्र कोरलं. या संख्या म्हणजे क्वाटर्नियन. चारांतल्या एका घटकाला, म्हणजे नुसत्या संख्येला, त्याने पुढे ‘स्केलर’, म्हणजे आपला अदिश, म्हटलं. उरलेल्या तिघांना मिळून ‘व्हेक्टर’, म्हणजे आपला सदिश; लॅटिनमध्ये अर्थ वाहून नेणारा. दोन व्हेक्टरांचा गुणाकार केला की उत्तरात दोन्ही भाग एकत्रच येत.

१८८० च्या दशकात अमेरिकेत गिब्ज आणि इंग्लंडमध्ये हेविसाइड या भौतिकशास्त्रज्ञांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, हे भाग सुटे केले. आपला अदिश गुणाकार आणि सदिश गुणाकार तिथूनच आले. कार्य काढताना पहिला वापरायचा, बलाचं आघूर्ण, म्हणजे त्याचा फिरवण्याचा परिणाम, काढताना दुसरा. हॅमिल्टनचे अनुयायी यावर चिडले, १८९० च्या दशकात ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात कडाक्याचा वाद झाला. टिकली ती गिब्ज-हेविसाइडचीच रीत.

मराठी शब्द लॅटिनच्या मागे न जाता थेट दिशेकडे बोट दाखवतात. मला ते फार आवडतात, पण ते एका जागी फसवतात. विद्युतधारेला तारेतून वाहण्याची दिशा असते, तरी ती अदिश, कारण सदिश ठरायला नुसती दिशा पुरत नाही, बेरीजही समांतरभुज चौकोनाने व्हावी लागते. ३ आणि ४ न्यूटनची दोन बलं काटकोनात लावली तर परिणामी बल ५ न्यूटन. ३ आणि ४ अँपिअरच्या धारा एका जोडावर येऊन मिळाल्या तर तारांमध्ये कोणताही कोन असो, पुढे ७ अँपिअरच जातात.