नवग्राहक सवलत (घरगुती दूरचित्रवाणी सेवा)

केबल, डीटीएच किंवा इंटरनेटवरून घरोघरी दूरचित्रवाणी पोचवणाऱ्या कंपन्या नव्याने जोडणी घेणाऱ्याला काही महिने कमी दर लावतात, किंवा सेट टॉप बॉक्स, डिश आणि इन्स्टॉलेशन यांचा खर्च पूर्ण वा अंशतः स्वतः उचलतात. या सवलतीला नवग्राहक सवलत म्हणतात. सवलतीचा आकडा जाहिरातीत ठळक असतो. ती कोणाला लागू आहे हे तारांकित तळटिपेत असते, आणि तंटे बहुतेक या तळटिपेवरूनच होतात.

करार एका व्यक्तीच्या नावाने होतो, पण सवलतीपुरते कंपनी घर मोजते. नवऱ्याच्या नावावरची जोडणी बंद करून त्याच पत्त्यावर बायकोच्या नावाने नवी मागितली, तर अनेक कंपन्या तिला नवी ग्राहक मानत नाहीत. उलट नव्याने राहायला आलेल्या भाडेकरूला आधीच्या भाडेकरूच्या थकबाकीपायी नकार मिळू शकतो. मग भाडेकरार दाखवून आपला त्या थकबाकीशी संबंध नाही हे पटवून द्यावे लागते. यामागचे गणित साधे आहे. नव्या घरात तंत्रज्ञ पाठवायचा, बॉक्स द्यायचा, विक्रेत्याचे कमिशन भरायचे, आणि हे सगळे पुढच्या वर्गणीतून वसूल करायचे. जुन्या घरात हा खर्च आधीच होऊन गेलेला असतो. तिथे दर कमी करण्याचे कारण एकच उरते: ग्राहक सोडून चालला आहे.

या प्रथेचे सर्वांत पक्के रूप अमेरिकेत दिसते. चार्टर कंपनीच्या ‘स्पेक्ट्रम’ सेवेच्या जाहिरातींतली अट नमुनेदार आहे. गेल्या ३० दिवसांत कंपनीची कोणतीही सेवा न घेतलेल्या आणि कंपनीचे काहीही देणे नसलेल्या पात्र निवासी ग्राहकांसाठीच सवलत, असे त्यात म्हटलेले असते. अटीचा प्रत्येक तुकडा कोणाला तरी बाहेर ठेवतो. ‘निवासी’ म्हटल्यावर दुकाने, हॉटेले, बार गेले. ‘कोणतीही सेवा’ म्हटल्यावर ज्याच्याकडे फक्त त्याच कंपनीचे इंटरनेट आहे तोही जुना ठरला. ३० दिवसांच्या अटीमुळे आज बंद करून उद्या पुन्हा नवे होता येत नाही. मात्र महिनाभर टीव्हीवाचून काढण्याची ज्याची तयारी आहे, त्याला वाट मोकळी राहते. कंपन्यांना ही फट ठाऊक नसेल असे मानणे भोळेपणाचे आहे. एवढी खटपट थोडेच लोक करतात, हे त्यांच्या हिशेबात धरलेलेच असते.

उपग्रहावरून सेवा देणाऱ्या डायरेक्टीव्हीने ग्राहकाला बांधून ठेवण्याचा मार्ग घेतला. तिच्या जुन्या योजनांत करार २४ महिन्यांचा आणि सवलत १२ महिन्यांची असे. मधेच सोडल्यास उरलेल्या प्रत्येक महिन्यामागे २० डॉलर दंड. दुसऱ्या वर्षी बिल महिन्याला ४५ डॉलरपर्यंत जास्त येते हे ग्राहकाला नीट सांगितले जात नाही, असा दावा फेडरल ट्रेड कमिशन या अमेरिकी सरकारच्या ग्राहकहित जपणाऱ्या आयोगाने मार्च २०१५ मध्ये दाखल केला. न्यायालयाने त्यातला बराच भाग मान्य केला नाही आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये आयोगाने खटला मागे घेतला. पतअहवाल, म्हणजे कर्ज आणि बिले वेळेवर फेडल्याच्या नोंदी, ही पात्रतेची आणखी एक चाळणी. पत कमकुवत दिसली की अनामत मागितली जाते. अशी मागणी पतअहवालावरून केली हे ग्राहकाला कळवणे कायद्याने बंधनकारक आहे. ते न कळवल्याच्या आरोपावरून टाइम वॉर्नर केबल या अमेरिकी कंपनीने डिसेंबर २०१३ मध्ये १९ लाख डॉलर भरून प्रकरण मिटवले.

ब्रिटनच्या ऑफकॉम या नियामकाने जुन्या ग्राहकाच्या बाजूने प्रश्न हाताळला. सवलत कोणाला द्यावी हे त्याने ठरवून दिले नाही. पण १५ फेब्रुवारी २०२० पासून दूरध्वनी, ब्रॉडबँड आणि सशुल्क दूरचित्रवाणी कंपन्यांना कराराची मुदत संपण्यापूर्वी ग्राहकाला तसे कळवावे लागते. आता किती भरता, पुढे किती भराल आणि कंपनीचे सर्वांत स्वस्त दर कोणते, हे त्या सूचनेत असते. नव्या ग्राहकाला काय भाव दिला जातो तेही सांगावे लागते. सवलत संपल्यावर पूर्ण भाव गुपचूप लागू होऊ द्यायचा, यावर चालणाऱ्या धंद्याला यापेक्षा अडचणीचा नियम सुचणे कठीण.

भारतात सवलतीचे रूप निराळे आहे, कारण येथे डीटीएच मुख्यतः प्रीपेड आहे. रिचार्ज संपला की चित्र बंद; थकबाकी, पतअहवाल, दोन वर्षांचा करार यांना फारसा वाव नाही. डिश टीव्ही २००३ मध्ये सुरू झाली, टाटा स्काय (२०२२ पासून टाटा प्ले) २००६ मध्ये, एअरटेल २००८ मध्ये. स्पर्धा वाढली तशी सवलत ‘छत्री’ आणि बॉक्सच्या किमतीत येऊन बसली: नवीन कनेक्शन घ्या, बॉक्स स्वस्त आणि वर महिनाभराचा पॅक. एका कंपनीच्या बॉक्सवर दुसरीचे चॅनेल उघडत नाहीत. कोणत्याही सेवेला चालेल असा बॉक्स सक्तीचा करावा अशी शिफारस दूरसंचार नियामक प्राधिकरणाने (ट्राय) एप्रिल २०२० मध्ये केली, पण ती व्यवहारात उतरलेली नाही. त्यामुळे कंपनी बदलणारा प्रत्येक जण आपोआप नवग्राहक होतो आणि त्याचा धडधाकट बॉक्स माळ्यावर जातो.

ट्रायची नवी दररचना फेब्रुवारी २०१९ पासून लागू झाली. पहिल्या १०० वाहिन्यांसाठी नेटवर्क क्षमता शुल्क (वाहिन्या घरापर्यंत पोचवण्याचा मासिक आकार) तेव्हा जास्तीत जास्त १३० रुपये, करासह १५३ रुपये ४० पैसे असे. सशुल्क वाहिन्यांचे दर वेगळे आणि जाहीर. इन्स्टॉलेशनला ३५० आणि अ‍ॅक्टिव्हेशनला १०० रुपयांची कमाल मर्यादा होती. असे सगळे आकडे उघड असताना नव्याला खास मासिक भाव देण्याला जागा कमी उरली. २०२० च्या दुरुस्तीने सहा महिने किंवा त्याहून अधिक मुदतीच्या वर्गणीवर सूट द्यायला परवानगी मिळाली. ही सूट एकरकमी भरणाऱ्या कोणालाही घेता येते, नवा असो वा जुना, आणि माझ्या मते घरगुती ग्राहकाने ‘नवीन ऑफर’पेक्षा आधी तिचीच चौकशी करावी.

त्याच दुरुस्तीने घरातल्या दुसऱ्या आणि पुढच्या टीव्हीवरचे नेटवर्क क्षमता शुल्क पहिल्याच्या ४० टक्क्यांपर्यंत मर्यादित केले. ‘मल्टी टीव्ही घेऊ की नवीन कनेक्शन?’ हा दुकानात हमखास विचारला जाणारा प्रश्न यातून येतो. मल्टी टीव्ही जुन्याच सबस्क्रायबर आयडीला जोडला जातो, म्हणून नवग्राहकाची ऑफर लागू होत नाही, पण महिन्याचे शुल्क कमी राहते. नवीन कनेक्शनचे उलटे: सुरुवातीला स्वस्त, पुढे दोन पूर्ण रिचार्ज.

बंद पडलेले खाते मात्र ना धड नवे ना जुने. कोकणातली कितीतरी घरे गणपतीत आणि मे महिन्यात उघडतात. चाकरमानी महिन्याचा रिचार्ज मारतात आणि उरलेले वर्ष बॉक्स बंद. कंपनीच्या लेखी हे निष्क्रिय ग्राहक. त्यांच्यासाठी परत या म्हणणाऱ्या वेगळ्या योजना असतात. त्या नोंदणीकृत मोबाइल नंबरवर एसएमएसने येतात, सर्वांसाठी जाहीर नसतात. नंबर बदलून तो कळवायचा राहिला की योजना हुकते.

मार्च २०२४ अखेर सशुल्क डीटीएचचे सक्रिय ग्राहक सुमारे ६.२ कोटींवर आले होते; २०२० च्या अखेरीस ते सात कोटींच्या घरात होते. गळती चालू असतानाच, जुलै २०२४ मध्ये ट्रायने नेटवर्क क्षमता शुल्कावरची मर्यादा उठवली. वाहिन्यांची संख्या, प्रदेश आणि ग्राहकवर्ग यांनुसार ते वेगवेगळे ठेवण्याची मुभा कंपन्यांना मिळाली. इन्स्टॉलेशन, अ‍ॅक्टिव्हेशन आणि घरभेटीचे शुल्कही मोकळे झाले. मात्र हे सर्व दर कंपनीला प्रसिद्ध करावे लागतात.

ओटीटी, म्हणजे इंटरनेटवरून अ‍ॅपवर पाहायच्या, सेवांत बॉक्सही नाही आणि तंत्रज्ञही नाही. नवा कोण हे ईमेल, मोबाइल नंबर, कार्ड आणि उपकरण यांवरून ठरते. नवा ईमेल पत्ता मिनिटभरात तयार होतो, तेव्हा मोफत चाचणी वारंवार घेणे केबलच्या तुलनेत फार सोपे. नेटफ्लिक्सने अमेरिकेतली मोफत चाचणी २०२० मध्ये बंद केली. चाचणी घेताना कार्ड जोडायला लावून पुढे वर्गणी रद्द करणे अवघड करणे, या प्रकाराला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत निषिद्ध ठरवलेल्या १३ फसव्या पद्धतींमध्ये जागा मिळाली आहे.