स्की-बुटाचा लायनर : पाय आणि कवच यांमधली जागा

स्की-टूरिंगचा, म्हणजे स्की लावून डोंगर चढायचा आणि मग उतरायचा बूट म्हणजे एकात एक बसवलेले दोन बूट असतात. बाहेर टणक प्लॅस्टिकचे कवच, त्यावर बकला, घोट्यापाशी फिरणारा सांधा आणि पुढच्या टोकाला, बूट स्कीला जोडणाऱ्या बाइंडिंगच्या पिना अडकण्यासाठी धातूच्या खोबणी. आणि आत, हाताने ओढून बाहेर काढता येणारा, नडगीपर्यंत येणारा मऊ फोमचा बूट, म्हणजे लायनर. कवच जपून वापरले तर बरेच हंगाम टिकते. लायनर मात्र त्याच्या पुष्कळ आधी दबतो, टाच आत हलू लागते, आणि मग हा बूटच आता निकामी झाला असे समजून माणूस नव्या जोडीच्या किमती पाहू लागतो. पुष्कळदा केवळ लायनर बदलून भागते. रत्नागिरी, देवगड, मालवण या बाजूने दरवर्षी गुलमर्गला किंवा औलीला जाणारी जी थोडी मंडळी आहेत, त्यांच्यासाठी ही निवड जरा अधिक विचाराची आहे, कारण त्यांचा बूट वर्षातले काही दिवस कोरड्या बर्फात आणि उरलेले सगळे महिने समुद्राच्या दमट, खाऱ्या हवेत काढतो.

लायनरकडून दोन परस्परविरोधी कामे करून घ्यायची असतात, हे आधी ध्यानात घ्यावे लागते. स्की-टूरिंगमध्ये वर न्यायला दोरवाट नसते. स्कीच्या तळाला केसाळ पट्टे चिकटवून, टाच मोकळी ठेवून, तास न् तास चढावे लागते. तेव्हा घोटा पुढेमागे सहज वाकला पाहिजे. वर पोहोचल्यावर पट्टे काढून टाच जखडली की तोच पाय कवचात घट्ट बसला पाहिजे, कारण वळण घेताना पायाची हालचाल आधी लायनरला, मग कवचाला आणि शेवटी स्कीला पोहोचते. मध्ये कोठे सैलपणा असेल तर ती वाटेतच हरवते. चढताना सुखाचा आणि उतरताना पक्का असा लायनर हवा असतो, आणि प्रत्येक उत्पादक या दोहोंमध्ये आपापल्या परीने तडजोड करतो.

आजचे बहुतेक चांगले टूरिंग लायनर इथिलीन व्हिनाइल ॲसिटेट, म्हणजे ईव्हीए या बहुवारिकाच्या फोमचे असतात. या फोममधले बुडबुडे एकमेकांत उघडत नाहीत, प्रत्येक बुडबुडा स्वतंत्र आणि बंद असतो. त्यामुळे दोन फायदे होतात. एक म्हणजे पाणी आत शिरत नाही. दुसरा फायदा उबेचा. स्थिर हवेची उष्णतावाहकता मीटर-केल्व्हिनमागे सुमारे ०.०२५ वॅट आणि पाण्याची सुमारे ०.६ वॅट, म्हणजे जवळजवळ चोवीस पट. पाण्याने भिजलेला स्पंज आणि बंद बुडबुड्यांचा फोम यांच्या उबेत इतका फरक का पडतो, याचे उत्तर या दोन आकड्यांत आहे. घाम फोमच्या आत मुरत नाही, मोज्यात आणि लायनरच्या कापडी अस्तरातच राहतो, म्हणून रात्री तंबूत किंवा मुक्कामाच्या खोलीत अस्तर सुकवले की लायनर दुसऱ्या दिवशी पुन्हा तयार असतो.

उबेचा आणखी एक मुद्दा जाडीचा आहे, आणि येथे पुष्कळांची फसगत होते. फोममधून जाणारी उष्णता जाडीच्या व्यस्त प्रमाणात असते. आठ मिलिमीटरचा फोम दाबून चार मिलिमीटरचा केला की उष्णतेची गळती साधारण दुप्पट होते. त्यातच घट्ट बुटात पायाच्या रक्तवाहिन्यांवर दाब येतो, बोटांकडे जाणारे रक्त कमी होते, आणि थंडीत शरीर तसेही हातापायांच्या टोकांच्या रक्तवाहिन्या आकसून घेत असते. म्हणून ऊब हवी म्हणून लहान कवचात जाड लायनर कोंबला, तर पाय अधिक गार पडतात. जाड लायनर उबदार असतो हे खरे, पण जाड राहायला त्याला जागा मिळाली तरच.

नवा लायनर निवडताना सगळ्यांत मोठी चूक होते ती येथेच. लायनर पायाच्या मापाने विकत घेतला जातो. तो घ्यायला हवा पाय आणि कवच यांच्यामध्ये उरणाऱ्या जागेच्या मापाने. स्की-बुटाचे माप पायाच्या लांबीच्या सेंटिमीटरमध्ये सांगतात : २६.५ म्हणजे साडेसव्वीस सेंटिमीटर लांबीचा पाय. पण बहुतेक उत्पादक अर्ध्या मापासाठी निराळे कवच बनवत नाहीत. दोन लगतच्या मापांत कवच एकच असते आणि फरक आतल्या इनसोलमध्ये किंवा लायनरमध्ये केलेला असतो. तेव्हा बुटावर छापलेला आकडा पाहून समाधान मानण्यात अर्थ नाही.

जागा मोजायची रीत सोपी आहे आणि ती घरी करता येते. कवचातून लायनर पूर्ण काढावा. पातळ मोजा घालून रिकाम्या कवचात उभे राहावे, बोटे पुढच्या भिंतीला हलकेच टेकतील इतके पुढे सरकावे, गुडघे किंचित वाकवावेत आणि दुसऱ्या कोणाला तरी टाचेमागे किती अंतर उरते ते पाहायला सांगावे. साधारण दीड सेंटिमीटरच्या आसपास अंतर असेल तर कवच योग्य. टूरिंगमध्ये लांब चढण असल्याने थोडे अधिक चालते. एका सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर जाड लायनरचा विचार सोडून द्यावा. अडीच सेंटिमीटर जागा उरत असेल, तर कितीही जाड लायनर घातला तरी तो काही दिवसांत दबेल आणि पाय पुन्हा हलू लागेल. तेथे दोष कवचाच्या मापाचा आहे. याच वेळी पाय मध्ये आणून दोन्ही बाजूंनी रुंदीही पाहावी. अरुंद आणि रुंद म्हणून विकल्या जाणाऱ्या स्की-बुटांमध्ये चवड्यापाशी बहुधा चार-पाच मिलिमीटरचाच फरक असतो. मूळ लायनरपेक्षा नवा लायनर प्रत्येक बाजूला दोनच मिलिमीटर जाड निघाला, तरी रुंद म्हणून घेतलेला बूट अरुंद होऊन बसतो.

रुंदीचा प्रश्न आपल्याकडे विशेष जिव्हाळ्याचा आहे. अंगणात, शेताच्या बांधावर, किनाऱ्यावर अनवाणी वावरत लहानाचे मोठे झालेले पाय चवड्यापाशी पसरट असतात, हे आपण पाहतोच. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात भारतातल्या सतत अनवाणी चालणाऱ्या लोकांचे पाय, भारतातल्याच पादत्राणे वापरणाऱ्यांचे पाय आणि पाश्चात्त्य लोकांचे पाय यांची तुलना केली होती. अनवाणी चालणाऱ्यांचे पाय तुलनेने रुंद होते आणि चालताना तळव्यावरचा दाब अधिक समान वाटला जात होता. स्की-बुटांचे साचे बव्हंशी युरोपीय पायांवर बेतलेले असतात. म्हणून अशा रुंद पायाच्या माणसाने घोट्याशी आणि टाचेशी जाड, पण चवड्याशी पातळ असा लायनर शोधावा. असे लायनर मिळतात. सगळीकडे सारख्या जाडीचा लायनर त्याला करंगळीच्या मुळाशी नक्की त्रास देईल.

रचनेच्या दृष्टीने लायनर दोन प्रकारचे असतात. एकात पुढे स्वतंत्र जीभ असते, साध्या बुटाला असते तशी. दुसऱ्यात जीभ नसते, नडगीसमोर एक पदर दुसऱ्यावर येतो. पदरांच्या लायनरमध्ये नडगीभोवती फोम सलग असतो, त्यामुळे पुढे झुकताना आधार चांगला मिळतो आणि ऊबही राहते. परंतु घोटा वाकवायला तो कडक असतो आणि गारठलेल्या बुटात पाय घालताना पदर आत दुमडतो. जिभेचा लायनर चालायला सोपा, घालायला सोपा. ज्यांचा बहुतेक वेळ चढण्यात जाणार आहे त्यांनी जिभेचा घ्यावा आणि टाचेच्या शिरेमागे वाकण्यासाठी पातळ, लवचीक पट्टी दिलेली आहे ना हे पाहावे, असे माझे मत आहे. आपल्याकडून जाणारा माणूस बर्फावर नवखा असतो, आणि चढतानाच त्याला पहिला फोड येतो.

वजनाकडेही दुर्लक्ष करू नये. हलका लायनर दोनशे ग्रॅमच्या आसपास, तर उताराला प्राधान्य देणारा जाड लायनर चारशेच्या पुढे भरतो. पायावरचे वजन पाठीवरच्या वजनापेक्षा फार महाग पडते : १९६९ साली सूल आणि गोल्डमन यांनी केलेल्या मोजणीत, पायांवर वाहिलेल्या प्रत्येक किलोसाठी लागणारी ऊर्जा धडावर वाहिलेल्या किलोच्या सुमारे चार ते सहा पट निघाली, आणि चालण्याचा वेग वाढला तशी ती वाढत गेली. तरीही पायाला नीट न बसणारा हलका लायनर घेऊन शंभर ग्रॅम वाचवण्यापेक्षा नीट बसणारा थोडा जड लायनर मी केव्हाही पत्करेन. पायाला फोड आलेल्या माणसाला वाचवलेले ग्रॅम उपयोगी पडत नाहीत.

आता या फोमच्या सर्वांत सुंदर गुणाविषयी. ईव्हीएमध्ये इथिलीनच्या लांब साखळ्यांचे काही भाग शिस्तीत रचले जाऊन बारीक स्फटिक तयार झालेले असतात, आणि हे स्फटिकच त्याला आकार धरून ठेवायला लावतात. व्हिनाइल ॲसिटेटचे प्रमाण जितके अधिक तितके स्फटिक कमी, पदार्थ मऊ आणि वितळण्याचे तापमान खाली. लायनरच्या फोममध्ये या साखळ्या एकमेकींना रासायनिक बंधांनी जोडलेल्याही असतात. लायनर शंभर-सव्वाशे अंश सेल्सिअसच्या दरम्यान तापवला की स्फटिक वितळतात, बुडबुड्यांतला वायू प्रसरण पावतो, फोम फुगतो आणि लुसलुशीत होतो. पण बंधांमुळे तो वाहून जात नाही. या अवस्थेत तो कवचात घालून त्यात पाय सरकवला, बकला हलक्या लावल्या आणि दहा-बारा मिनिटे स्थिर उभे राहिले, की थंड होताना स्फटिक पुन्हा तयार होतात ते तुमच्या घोट्याच्या हाडाभोवती, तुमच्या टाचेच्या वळणावर. मोदकाची उकड जशी गरम आहे तोवरच वळावी लागते, तसेच हे काम आहे. दोन मिनिटे चाचपडण्यात गेली की आकार येत नाही. वितळून पुन्हा गोठण्याचा हा गुण एका वेळेपुरता नसल्याने, दबलेला जुना लायनर पुन्हा तापवूनही बराचसा फुगवता येतो. म्हणून नवा विकत घेण्याआधी जुना एकदा तापवून पाहावा. अंगठ्याने घोट्याजवळचा फोम आणि वरच्या कडेचा न दबलेला फोम दाबून पाहिले तर किती जाडी गेली आहे ते कळते. घोट्याजवळ तो पुठ्ठ्यासारखा कडक आणि पातळ लागत असेल, वाकण्याच्या घडीवर चिरला असेल, तर तापवण्यात वेळ घालवू नये.

तापवण्यापूर्वी बोटांवर मऊ फोमची टोपी चढवून वरून पातळ मोजा घालतात, म्हणजे बोटांसमोर हलायला जागा राहते. करंगळीच्या मुळाशी किंवा घोट्याच्या हाडावर टोचत असेल तर तेथेही फोमचा छोटा तुकडा चिकटवतात. जो इनसोल वापरायचा तोच या वेळी आत असावा, कारण नंतर दुसरा घातला तर पायाची उंची बदलते आणि सगळा साचा चुकतो. तापमान आणि वेळ उत्पादकाने सांगितलेलीच पाळावी. मोठ्या स्की-दुकानांत यासाठी गरम हवेची यंत्रे असतात; आपल्या किनारपट्टीवर ती मिळणे कठीण. घरच्या छोट्या ओव्हनमध्ये तापलेल्या सळ्या फोमच्या फार जवळ येतात आणि कापड करपते. त्यापेक्षा लांब सुती मोज्यात कच्चे तांदूळ भरून, ते मायक्रोवेव्हमध्ये थोडे थोडे तापवून, मधून मधून हलवून, मग लायनरच्या आत ठेवण्याची रीत अधिक सुरक्षित आहे. तांदूळ उष्णता हळूहळू सोडतात आणि पाय जेथे येणार तेथेच फोम मऊ होतो. गॅसच्या शेगडीवर किंवा उघड्या ज्योतीवर लायनर धरू नये.

शेवटी आपल्या हवेचा विचार. पावसाळ्यात कोकणातली सापेक्ष आर्द्रता दिवसेंदिवस ८५-९० टक्क्यांच्या घरात असते, आणि सत्तर-ऐंशी टक्क्यांच्या वर बुरशीला कापड, चामडे, घामाचे अवशेष सगळे चालते. पण बुरशी पुसता येते. जलविघटन, म्हणजे पाण्याने रेणूंची साखळी तुटणे, पुसता येत नाही. पॉलिएस्टर जातीच्या पॉलियुरेथेन या प्लॅस्टिकच्या मुख्य साखळीत एस्टर बंध असतात. उबदार, दमट हवेतले पाणी ते एकेक करून तोडत जाते, आणि वरून धड दिसणारा भाग एके दिवशी हातात भुगा होऊन येतो. ट्रेकिंगच्या बुटांचे तळवे माळ्यावर ठेवल्या जागी सुटतात ते याच कारणाने. ईव्हीएमध्येही एस्टर गट आहेत, पण ते साखळीच्या बाजूला लोंबतात. मुख्य साखळी कार्बनचीच असल्याने पाण्याने ती तुटत नाही. म्हणून कोकणात ठेवायच्या लायनरमध्ये फोम ईव्हीएचा असावा, पॉलियुरेथेनचे लेप आणि गोंदाने चिकटवलेले थर कमीत कमी असावेत, जोड शिवलेले असावेत. कवचाचेही तसेच : नायलॉन-१२ किंवा पेबॅक्स या प्लॅस्टिकांची कवचे या हवेत पॉलियुरेथेनच्या जुन्या कवचांपेक्षा भरवशाची असतात. पॉलियुरेथेनचे जुने कवच असेल तर नव्या लायनरवर पैसे घालण्याआधी सांध्याच्या आणि टाचेच्या भागात बारीक चिरा, चिकटपणा किंवा रंग बदललेला दिसतो का ते उजेडात पाहून घ्यावे. असे कवच उतारावर फुटते.

हिमालयातून परतल्यावर लायनर कवचातून काढावा, कोमट साबणपाण्याने आतून पुसून सावलीत, पंख्याखाली पूर्ण वाळवावा. उन्हाने फोम आणि गोंद दोन्ही खराब होतात. बकला आणि खोबणी गोड्या पाण्याने धुऊन कोरड्या कराव्यात, कारण खाऱ्या हवेत पोलादी भाग लवकर गंजतात. मग आगोटीच्या आधी, हवा अजून कोरडी असतानाच, लायनर आणि कवच वेगवेगळे, घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावेत, आणि पाऊसभर दर महिन्याला पुड्या काढून तापवून, पाणी घालवून, पुन्हा आत टाकाव्यात.